बदलीच्या गावी बी.एड.

सैन्यातील अधिकाऱ्याच्या बदलीचा आदेश कायद्याच्या दृष्टीने एकट्या त्या अधिकाऱ्यालाच लागू असतो. त्याच्या पत्नीचे नाव त्यात कोठेही नसते, तिने अमुक तारखेस अमुक ठिकाणी हजर व्हावे असेही त्यात म्हटलेले नसते, आणि तरीही त्या आदेशाची सर्वांत तंतोतंत अंमलबजावणी तीच करते. अधिकारी नव्या ठिकाणी ‘रिपोर्ट’ करतो, म्हणजे आपण आल्याची रीतसर वर्दी देतो, आणि दुसऱ्याच सकाळी त्याला त्याचे टेबल, त्याचा हुद्दा, त्याची ज्येष्ठता आणि त्याचा चहा या चारही गोष्टी जशाच्या तशा मिळतात. पत्नी शिक्षिका असेल तर तिला यांपैकी फक्त चहा मिळतो, आणि तोही तिलाच करावा लागतो. या विषमतेचा पद्धतशीर अभ्यास करण्याचा प्रयत्न पुढे केला आहे. त्यासाठी प्रस्तुत लेखिकेचेच वैवाहिक आयुष्य साधनसामग्री म्हणून वापरले आहे, कारण दुसऱ्या कोणाचे इतक्या तपशिलात उपलब्ध होऊ शकले नाही.

प्रारंभी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘पोस्टिंग’ म्हणजे बदली. मात्र नागरी सेवेतील बदली लांबवता येते, रद्द करून घेता येते, निदान तिच्यासाठी मंत्रालयात खेटे तरी घालता येतात, आणि पोस्टिंगच्या बाबतीत फक्त काळ्या रंगाच्या पत्र्याच्या ट्रंका भरता येतात. ‘पीस’ म्हणजे कुटुंब बरोबर नेता येते ते ठिकाण, आणि ‘फील्ड’ म्हणजे नेता येत नाही ते. पीसमध्ये शांतता असतेच असे नाही. ‘मार्चिंग-इन’ म्हणजे सरकारी निवासस्थान ताब्यात घेताना मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, अर्थात एम.ई.एस., या खात्याच्या माणसासमवेत नळ, पंखे, कड्या आणि खिडक्यांच्या काचा मोजण्याचा विधी, तर ‘मार्चिंग-आउट’ म्हणजे त्याच वस्तू पुन्हा मोजून तडा गेलेल्या काचेचे पैसे भरण्याचा विधी. या दोन विधींच्या दरम्यानच्या काळाला संसार म्हणतात.

अभ्यासक्षेत्र म्हणून मध्य प्रदेशातील सागर हे शहर निवडले आहे. ‘निवडले’ हे क्रियापद येथे केवळ उपचार म्हणून आले आहे, हे वाचकांनी ओळखले असेलच. बीना–कटनी या लोहमार्गावरील या शहरात १९४१ साली बेळगाव येथे उभारल्या गेलेल्या महार रेजिमेंटचे केंद्र आहे, १९४६ साली डॉ. हरिसिंग गौर यांनी स्वतःच्या कमाईतून स्थापन केलेले विद्यापीठ आहे, मध्यभागी विस्तीर्ण तलाव आहे, आणि चारोळीची बर्फी आहे, जिच्यामुळे बदलीविषयीचे अनेक गंभीर मतभेद तात्पुरते मिटू शकतात. प्रस्तुत लेखिका इतिहासाची शिक्षिका असल्याने तिने हे शहर गाडीतून उतरण्यापूर्वीच मनोमन ताब्यात घेतले होते. जे शहर मराठ्यांनी नांदते केले, त्या शहरात इतिहास शिकवण्यासाठी एक मराठी शिक्षिका चालून येते, याचा तेथील शाळांना स्वाभाविकच आनंद होईल, अशी तिची अटकळ होती. तिच्या फायलीत इतिहासातील पदव्युत्तर पदवी, बी.एड., प्रत्येक गावच्या शाळेने दिलेले ‘शी इज सिन्सिअर अँड हार्डवर्किंग’ अशा अर्थाचे प्रमाणपत्र आणि महाविद्यालयीन काळातील एका वक्तृत्वस्पर्धेचे प्रशस्तिपत्रक होते. शेवटच्या कागदाचा कोणत्याही मुख्याध्यापकाने कधी विचार केलेला नसला, तरी तो नेहमी सर्वांत वर ठेवलेला असतो.

येथे गोविंदपंत बुंदेले यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. भाग आहे असे म्हणण्यास मुख्य विषयाच्या दृष्टीने फारसा आधार नाही. परंतु इतिहासाच्या शिक्षिकेला सागरमध्ये राहावे लागावे आणि तिने गोविंदपंतांवर लिहू नये, ही अपेक्षा अमानुष ठरेल. गोविंद बल्लाळ खेर हे मूळचे रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे. १७२९ साली बंगषाच्या वेढ्यातून सोडवल्याबद्दल छत्रसालाने बाजीराव पेशव्यांना आपल्या राज्याचा जो हिस्सा दिला, त्याच्या व्यवस्थेसाठी पंतांची नेमणूक झाली, आणि त्यांनी सागर हे आपले ठाणे केले. म्हणजे कोकणातल्या माणसाला बुंदेलखंडात पाठवण्यात आले, जेथे समुद्र नव्हता, नारळ नव्हता आणि उन्हाळा मात्र भरपूर होता. आजच्या परिभाषेत याला ‘हार्ड स्टेशन’ म्हणता आले असते. पंत तेथे इतके दिवस राहिले की त्यांचे खेर हे आडनाव मागे पडून लोक त्यांना बुंदेले म्हणू लागले. सैन्यातील आजच्या अधिकाऱ्याचा एका ठिकाणचा मुक्काम साधारणपणे दोन-तीन वर्षांचा असतो, त्यामुळे बदलीच्या गावाचे आडनाव लागण्याची संधी त्याच्या कुटुंबाला मिळत नाही; मिळाली असती तर प्रस्तुत लेखिकेचे नाव शाळेच्या हजेरीपटात एका ओळीत मावले नसते.

पंतांच्या कारकिर्दीचा दुसरा बोधप्रद भाग म्हणजे हिशेब. पुण्याकडून त्यांच्याकडे सतत पैशांची आणि हिशेबाची मागणी होत राहिली; पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी त्यांना रसद पुरवण्याची, पैसा पाठवण्याची आणि अब्दालीची रसद तोडण्याची अशी तीन पूर्णवेळ कामे एकाच वेळी सांगितली, आणि उतारवयातील पंत त्याच धामधुमीत डिसेंबर १७६० मध्ये, म्हणजे १४ जानेवारी १७६१ च्या अंतिम लढाईच्या काही आठवडे आधी, मारले गेले. शिक्षकाला वर्ग, जनगणना आणि माध्यान्ह भोजन ही कामे एकत्र दिली जातात तेव्हा या प्रसंगाची आठवण होणे अपरिहार्य आहे. पंतांविषयी इतिहासकारांचे मत संमिश्र आहे. प्रस्तुत लेखिकेचे मत पूर्णतः अनुकूल आहे, आणि त्यामागे संशोधन नसून शेजारधर्म आहे, हे मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. मात्र शालेय इतिहासात कोठेही न येणारा एक प्रश्न येथे नोंदवून ठेवला पाहिजे. नेवऱ्याहून सागरपर्यंतचे सामान कोणी बांधले, पंतांच्या पत्नीला नव्या गावी बोलायला माणूस मिळाले का, आणि तिच्या अंगी जे काही कौशल्य होते त्याचे पुढे काय झाले, याविषयी पाठ्यपुस्तके मौन बाळगतात. हिशेब पंतांकडेच मागितला गेला.

मूळ विषयाकडे वळायचे तर, सैनिकी कुटुंबातील शिक्षिकेपुढे ढोबळमानाने तीन दरवाजे असतात. पहिला सैन्याच्या शाळांचा. १९८३ साली स्थापन झालेली आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी या शाळांचे नियमन करते आणि शिक्षकांसाठी एक संगणकीय चाळणी परीक्षा घेते, जिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यास ‘स्कोअर कार्ड’ मिळते. हे कार्ड देशभर चालते, परंतु जागा देशभर असाव्या लागतात, आणि त्या बहुधा आपण नुकतेच सोडलेल्या गावी निघतात. दुसरा दरवाजा केंद्रीय विद्यालयांचा. बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ साली ही योजना सुरू झाली तेव्हा आरंभी वीस रेजिमेंटल शाळाच तिच्यात घेतल्या गेल्या होत्या, म्हणजे फौजेच्या मुलांची भटकंती सरकारला त्या वेळीच कळली होती. त्यांच्या आयांचीही तीच भटकंती होते, ही गोष्ट कंत्राटी शिक्षकांच्या वार्षिक मुलाखतींवर सोपवण्यात आली. या मुलाखती वर्षाच्या सुरुवातीला होतात आणि पोस्टिंग पुष्कळदा त्या आटोपल्यावर येते. तिसरा दरवाजा खासगी शाळांचा. तो सदैव उघडा असतो. पगाराचा आकडा ऐकल्यावर तो उघडा का असतो हे लक्षात येते.

केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा, अर्थात सी-टेट, ही देखील फायलीत होती. या परीक्षेत दोन भाषा निवडाव्या लागतात, आणि लेखिकेने स्वाभिमानाच्या एका उमाळ्यात दुसरी भाषा मराठी निवडली होती. पुण्यात हा निर्णय बाणेदार वाटला होता. सागरमधील एका खासगी शाळेच्या कार्यालयात ते गुणपत्रक बराच वेळ उलटसुलट करून पाहण्यात आले, आणि मग अतिशय आदराने विचारण्यात आले की समग्र आय.डी. आहे का. समग्र आय.डी. म्हणजे मध्य प्रदेश शासनाने प्रत्येक रहिवाशी कुटुंबाला आणि व्यक्तीला दिलेला क्रमांक. तो नसेल तर त्या राज्यात माणूस दिसतो, पण सापडत नाही.

त्याच शाळेने ‘डेमो’साठी, म्हणजे निवड होण्याआधी विनामोबदला घ्यावयाच्या तासासाठी, बोलावले. लेखिकेने अष्टप्रधानांचा तक्ता स्वहस्ते रंगवून नेला होता. प्रत्यक्षात तिला चौथीच्या वर्गावर परिसर अभ्यास शिकवण्यास सांगण्यात आले आणि विषय देण्यात आला, ‘हमारा तालाब’. प्रशिक्षित शिक्षक अशा प्रसंगी डगमगत नाही. तो आपल्याला येणाऱ्या विषयाकडे जाणारी पायवाट शोधतो. तलावावरून किल्ल्यावर, किल्ल्यावरून मराठ्यांवर आणि मराठ्यांवरून गोविंदपंतांवर येण्यास फारसा वेळ लागला नाही, आणि पंतांचे नाव उच्चारून लेखिकेने वर्गाकडे अभिमानाने पाहिले, तेव्हा पहिल्या बाकावरील एका मुलीने हात वर करून सांगितले, ‘मैम, तालाब तो लाखा बंजारा ने बनवाया था.’

त्यानंतरचा तास लेखिकेने घेतला असे म्हणता येणार नाही. दंतकथा अशी आहे की लाखा बंजाऱ्याने तलाव खोदला, परंतु त्याला पाणी लागेना; मग बळी दिल्याखेरीज पाणी येणार नाही असे सांगण्यात आले, आणि त्याने आपला मुलगा व सून यांना कोरड्या तलावाच्या मध्यभागी झोपाळ्यात बसवले, तेव्हा पाणी वर आले. वर्गातील प्रत्येक मुलाला ही कथा येत होती आणि प्रत्येकाला ती आपणच सांगावी असे वाटत होते; झोपाळ्याच्या दोऱ्या कशाच्या होत्या यावर मागच्या बाकांवर तंटा झाला; आणि निरीक्षणासाठी मागे बसलेल्या मुख्याध्यापकांना राहवले नाही, त्यांनी उभे राहून शेवट स्वतः सांगितला. लेखिकेच्या मनात मात्र त्या सुनेविषयी विचार घोळत राहिला. नवऱ्याच्या घराण्याने हाती घेतलेल्या सार्वजनिक कामासाठी तिला बरोबर बसवण्यात आले; तिचे मत दंतकथेतही नोंदलेले नाही.

डेमो उत्तम झाला, मुले इतकी बोलती झालेली पूर्वी पाहिली नव्हती, असा अभिप्राय मिळाला. मग मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि तो प्रश्न विचारला, जो या अभ्यासाचा खरा विषय आहे: ‘साहब की पोस्टिंग यहाँ कितने दिन की है?’

हा प्रश्न प्रत्येक गावी विचारला जातो, तो नेहमी चहाबरोबर येतो, आणि तो विचारणाऱ्याची वृत्ती कधीही दुष्ट नसते. शाळेला मार्चपर्यंत टिकणारा शिक्षक हवा असतो. पालक तक्रार करतात. ही अडचण वाजवी आहे. तरीही हे नमूद केले पाहिजे की फायलीतील एकाही कागदाविषयी काही न विचारता, जो माणूस त्या खोलीत उपस्थित नाही आणि ज्याला नोकरी नको आहे, त्याच्या वेळापत्रकावरून उमेदवाराची लायकी ठरवली जाते, आणि याचा संताप येतो. विनोदी लेखनात संतापाला मर्यादित जागा असते, म्हणून तो येथे एका वाक्यात आटोपला आहे; प्रत्यक्षात तो त्या दिवशी भांडी घासून संपेपर्यंत पुरला होता.

शिवाय उत्तर कोणालाच माहीत नसते. सागरला येऊन बस्तान बसते न बसते तोच लेखिकेच्या पतीला फील्डमध्ये जाण्याचा आदेश आला आणि कुटुंब मागेच ठेवण्यात आले. पुढच्या शाळेच्या अर्जात ‘पतीच्या कार्यालयाचा पत्ता’ असा रकाना होता. तेथे युनिटच्या नावापुढे ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ असे लिहावे लागते, ५६ ए.पी.ओ. हा सैनिकी टपालाचा क्रमांक असून पूर्वेकडील भागासाठी ९९ ए.पी.ओ. आहे, आणि नकाशावर यांपैकी कोणत्याही नावाचे गाव नाही, कारण पत्र पोचावे परंतु ठिकाण कळू नये अशीच ती योजना आहे. कार्यालयातील कारकुनाने जिल्हा कोणता, असे विचारले. जिल्हा सांगता येत नाही, असे सांगितल्यावर त्याने पिन कोड विचारला, मग तालुका विचारला, आणि शेवटी पेन खाली ठेवून हलक्या आवाजात विचारले की साहेबांशी रोज बोलणे होते का. होते, कधी रेंज असते तेव्हा, असे उत्तर दिले गेले. त्याने तो रकाना कोरा ठेवला आणि अर्जावर शिक्का मारला. त्या शाळेत जागा नव्हती. परंतु इतक्या शाळांच्या इतक्या कार्यालयांत एखाद्या अर्जाची इतकी काळजीपूर्वक वासलात लागलेली लेखिकेच्या पाहण्यात नाही.

आर्थिक बाजूचाही ओझरता विचार केला पाहिजे. ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवा संपताना मालकाने कृतज्ञतेपोटी द्यावयाची रक्कम, १९७२ च्या कायद्याने सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर देय ठरवली. शिक्षक या कायद्यात बसतात की नाही याचा वाद न्यायालयांत बरीच वर्षे चालला आणि २००९ च्या दुरुस्तीने त्यांना १९९७ पासून त्यात बसवण्यात आले. शिक्षकवर्गाचा हा विजय निर्विवाद आहे. परंतु दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका भरणाऱ्या शिक्षिकेच्या बाबतीत कोणत्याही शाळेची कृतज्ञता कायद्याने परिपक्व होण्याआधीच रेल्वेचे आरक्षण झालेले असते. भविष्य निर्वाह निधीला मात्र २०१४ पासून एकच कायम क्रमांक मिळू लागला आहे, जो नोकरी बदलली तरी बदलत नाही. लेखिकेच्या आयुष्यात सातत्य आहे, याचा हा एकमेव शासनमान्य पुरावा होय.

नोकरी नसलेल्या काळात छावणी तिला रिकामे ठेवत नाही. ‘लेडीज मीट’ या मासिक मेळाव्यात तंबोला, सूप आणि सत्कार असतात, आणि एखादी स्त्री शिक्षिका आहे असे कळले की तिच्याकडे सूत्रसंचालन येते, मग फलकलेखन, मग वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मुलांचे प्रकल्प. तेथे तिची ओळख ‘मिसेस मेजर अमुक’ अशी करून दिली जाते, आणि तिचा हुद्दा तिच्या पतीच्या बढतीबरोबर आपोआप वाढतो, जी सोय शिक्षणखात्यात नाही. लेखिका या प्रथेला तत्त्वतः विरोध करते. मात्र कँटीनमध्ये रांगेतील जवानाने ‘मेमसाब, आप आगे आ जाइए’ असे म्हटले असता ती तत्त्वतः नको म्हणते आणि प्रत्यक्षात दोन पावले पुढे सरकलेली असते, हेही निरीक्षणांती आढळून आले आहे.

अखेर काम मिळाले ते ‘लीव्ह व्हेकन्सी’वर, म्हणजे मूळ शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्याने तात्पुरत्या रिकाम्या झालेल्या जागी. अशा जागेचे सौंदर्य असे की ती किती दिवसांची आहे हे शाळेलाच आधीपासून माहीत असते, त्यामुळे चहाबरोबरचा प्रश्न उद्भवत नाही. सहावीचा समाजशास्त्राचा वर्ग होता, हिवाळा होता, आणि रजेवर गेलेल्या बाईंनी पुस्तक हडप्पा संस्कृतीपाशी सोडले होते.

वर्गात नायक या हुद्द्यावरील एका फौजीचा मुलगा नुकताच दाखल झाला होता. वडिलांच्या पूर्वीच्या स्टेशनवर त्याची हडप्पा संस्कृती जूनमध्येच झाली होती. मग वडिलांची बदली झाली, येथील क्वार्टरची प्रतीक्षायादी लांब असल्याने आई मुलांना घेऊन गावी राहिली, तेथील शाळेत दिवाळीच्या सुमारास पुन्हा हडप्पा संस्कृती झाली. आणि क्वार्टर मिळून तो सागरला पोचला तेव्हा नव्या बाई खडू घेऊन फळ्यावर तेच नाव लिहीत होत्या. फौजेच्या मुलांच्या शिक्षणातील हा एक दुर्लक्षित विशेष आहे: त्यांना एखादा धडा तीनतीनदा येतो आणि त्याच्या पुढचा एकदाही येत नाही. अपूर्णांक एका गावी राहिलेले असतात, तर दुसऱ्या गावी ते संपलेले असतात.

मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाविषयी लेखिकेने मोठ्या तयारीनिशी सांगण्यास सुरुवात केली असता त्या मुलाने नम्रपणे उभे राहून ते सुमारे बारा मीटर लांब आणि सात मीटर रुंद असल्याचे सांगितले, पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिला होता असे सांगितले, आणि विटांच्या लांबी, रुंदी व जाडीचे प्रमाण चारास दोनास एक असे असते, तेही सांगितले. वक्तृत्वस्पर्धेचे प्रशस्तिपत्रक अशा प्रसंगी उपयोगी पडत नाही. लेखिकेने खडू त्याच्या हाती दिला आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसली. त्याने दोन बाजूंच्या पायऱ्यांसह स्नानगृह काढले, एका गावच्या बाई काय म्हणाल्या होत्या आणि दुसऱ्या गावचे मास्तर काय म्हणाले होते यांतील फरकही समजावून दिला, आणि फळा स्वतःच पुसला. अध्यापनकौशल्याच्या कोणत्याही निकषावर तो तास लेखिकेच्या तासापेक्षा सरस होता, आणि तिने त्या दिवशीच्या टाचणवहीत तो स्वतःच्या नावावर लिहिला.

पुढच्या आठवड्यात वर्ग मगधाकडे वळला. त्या मुलाने पान उलटले, ते थोडा वेळ निरखले, आणि हात वर केला. प्रश्न बिंबिसाराविषयी नव्हता. पुढच्या शाळेत जाईन तेव्हा हा धडा तेथे होऊन गेलेला असेल की राहिलेला असेल, एवढेच त्याला विचारायचे होते. पुढची शाळा कोणती, हे त्याला ठाऊक नव्हते आणि लेखिकेलाही नव्हते. परंतु या एका विषयात तिचा अनुभव संशयातीत असल्यामुळे, होऊन गेलेला असेल असेच समजून चालावे, वही आजच पूर्ण करावी आणि ती ट्रंकेत सर्वांत वर ठेवावी, असे तिने सांगितले.